स्पीकर: सेकंड बेसच्या उंबऱ्यात उभा राहणारा सेंटरफिल्डर

उजवा डावखुरा

शीर्षक वाचून कुणी लोकसभेच्या सभापतींच्या शोधात आत आलं असेल तर आधीच माफी. हा स्पीकर म्हणजे ट्रिस स्पीकर. बेसबॉलवाला. बोस्टन आणि क्लीव्हलंडचा सेंटरफिल्डर (मैदानाच्या मधोमध, लांबवर उभा राहणारा क्षेत्ररक्षक), नंतर क्लीव्हलंडचा मॅनेजर.

धाग्याचं निमित्त आमचे बाबा. मागच्या उन्हाळ्यात इकडे क्लीव्हलंडला आले होते. आयुष्य क्रिकेट बघण्यात गेलेला माणूस. एक दिवस त्यांना प्रोग्रेसिव्ह फिल्डवर मॅच बघायला नेलं. दोन इनिंग गप्प बसले आणि म्हणाले, "अरे, हे सगळे फुलटॉसच टाकतायत की!" तिसऱ्या इनिंगला ते कंटाळले, म्हणून सेंटरफिल्डच्या मागे जी हेरिटेज पार्क नावाची जागा आहे तिकडे फिरवायला घेऊन गेलो. तिथे ब्राँझची एक जुनी पाटी आहे, रे चॅपमन नावाच्या खेळाडूच्या आठवणीची. ज्यांनी त्याला ओळखलं त्या सगळ्यांच्या हृदयात तो जिवंत आहे, असा मजकूर. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून, अक्षरांवरून बोट फिरवत ती वाचली. मी थोडक्यात सांगितलं, की १९२० साली डोक्याला चेंडू लागून गेला. तेव्हापासून आजतागायत मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये) फेकलेला चेंडू लागून गेलेला हा एकटाच.

बाबांनी विचारलं, "कप्तान कोण होता रे त्यांचा?"

हा प्रश्न मला सुचला नसता. कप्तान (म्हणजे इथल्या भाषेत प्लेइंग मॅनेजर) होता स्पीकर, चॅपमनचा जिवलग दोस्त. आणि त्या क्षणी तो बॅट हातात घेऊन, पुढचा नंबर आपला म्हणून, काही पावलांवर थांबला होता.

पण सुरुवातीपासून सांगतो.

जन्म १८८८, टेक्ससमधलं हबर्ड नावाचं छोटं गाव. जन्मतः उजवा. लहानपणी घोड्यावरून पडून उजवा हात मोडला, तेव्हा डाव्याने चेंडू फेकायला लागला आणि हात बरा झाल्यावरही डावाच राहिला. (माझ्या आयडीचा उगम कळला असेलच.) १९०७ मध्ये बोस्टनकडून थोडं खेळला, पण छाप पडली नाही. १९०८ च्या वसंतात बोस्टनचा संघ सरावाला आर्कन्सामधल्या लिटल रॉकला गेला होता. परत निघताना मैदानाच्या भाड्यापोटी त्यांनी काय दिलं असेल? हा पोरगा. आपल्याकडे गिरवी ठेवतात तसा ठेवून गेले. पोराने त्या वर्षी तिथल्या लीगमध्ये सगळ्यांत जास्त सरासरीने बॅटिंग केली, तेव्हा बोस्टनने त्याला परत सोडवून नेलं.

मग आला साय यंग. हो, ज्याच्या नावाने आज पिचरांना (म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांना) पुरस्कार देतात तोच. हा वयस्क पिचर मॅचआधी या पोरासाठी हातातल्या बॅटने चेंडू उडवायचा आणि स्पीकर ते पकडायचा, रोज. तासन्‌तास. बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज ऐकूनच तो कुठे पडणार हे ओळखायची सवय त्याला तिथे लागली.

आता खरी गंमत. सेंटरफिल्डर लांब उभा राहतो. चेंडू डोक्यावरून गेला की बॅट्समनला तीन बेस (धावत गाठायचे टप्पे; चारही पार केले की एक धाव) मिळतात, म्हणून लांब राहायचं. स्पीकर मात्र इतका पुढे उभा राहायचा की जवळजवळ सेकंड बेसच्या उंबऱ्यात. समोर टपकन पडणारे फटके तो पळत येऊन उचलायचा. डोक्यावरून निघालेला चेंडू असला तर आवाज ऐकताक्षणी पाठ फिरवून धावत सुटायचा. सेकंड बेसवरचा गडी "आता चेंडू जमिनीवर पडणारच" म्हणून पुढे निघालेला असायचा. स्पीकर तो चेंडू हवेतच टिपायचा आणि तसाच धावत जाऊन स्वतःच बेसवर पाय द्यायचा. दोन गडी बाद, कुणाची मदत नाही. एप्रिल १९१८ मध्ये एकाच महिन्यात हे त्याने दोनदा केलं. १९१२ च्या वर्ल्ड सीरिजमध्येही (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) एकदा केलं, आणि वर्ल्ड सीरिजमध्ये असं करणारा आउटफिल्डर (बेसच्या पलीकडे लांब उभा राहणारा क्षेत्ररक्षक) तो एकटाच. आउटफिल्डमधून चेंडू फेकून गडी बाद करवण्यात एकूण ४४९ वेळा त्याचा हात होता. ते आजही कुणाला जमलेलं नाही.

थकलो. चहा घेऊन येतो, उरलेलं प्रतिसादात.

---

पन्हं

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत! बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरी वाचलं. भाड्यापोटी माणूस ठेवून जाणं भारी आहे. आमचा घरमालकसुद्धा इतका पुढारलेला नाही.

---

खडूस

लेख छान, पण एवढ्या पुढे उभं राहण्याचं कौतुक जरा बेतानेच करा. त्या काळचा चेंडू म्हणजे चिंध्यांचा गोळा. अख्ख्या मॅचमध्ये मोजके दोनचार चेंडू वापरायचे, प्रेक्षकांत गेलेला परत मागून घ्यायचे. पिचर त्यावर थुंकायचे, तंबाखूचा रस लावायचे, माती चोळायचे. पाचव्या इनिंगपर्यंत चेंडू मऊ आणि काळा. असा चेंडू किती लांब जाणार? १९१२ मध्ये स्पीकर अमेरिकन लीगमधल्या (मेजर लीगच्या दोनपैकी एक) सर्वाधिक होम रनच्या (एका फटक्यात चारही बेस) यादीत संयुक्त पहिला होता. किती होम रन? दहा. पूर्ण मोसमात दहा! अशात कुणीही पुढे येऊन उभं राहील.

---

उजवा डावखुरा

@खडूस, चेंडूबद्दल तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पण "कुणीही" उभं राहिलं नाही ना! चेंडू सगळ्यांना तोच होता. बाकीचे मागेच होते.

आणि १९१२ चं नुसतं दहाच काय घेऊन बसलात? त्या वर्षी त्याची सरासरी .३८३ होती. (नवख्यांसाठी: बॅटिंगच्या दर हजार संधींमागे ३८३ वेळा फटका मारून बेस गाठला. .३०० म्हणजे उत्तम.) ५३ डबल (दोन बेस मिळवून देणारे फटके), ५२ चोरलेले बेस (फटक्याशिवाय धावून गाठलेले), लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि वर वर्ल्ड सीरिज. त्या सीरिजच्या शेवटच्या मॅचची दहावी इनिंग तर अशी, की पटकथेत लिहिली तर लोक हसतील. न्यूयॉर्क जायंट्स एका धावेने पुढे. आधी त्यांच्या स्नॉडग्रासने हातातला सोपा झेल टाकला. मग स्पीकरचा एक उंच फाउल (रेषेबाहेर गेलेला फटका) उडाला, अगदी सोपा, आणि मॅथ्यूसन, मर्कल व मायर्स हे तिघं एकमेकांकडे बघत राहिले. चेंडू तिघांच्या मधे टप्पकन पडला. जीवदान मिळाल्यावर स्पीकरने फटका मारून बरोबरी करून दिली, आणि पुढे लॅरी गार्डनरच्या उंच फटक्यावर विजयी धाव आली. "तू घे, तू घे" करत टाकलेले झेल आपल्याला नवीन नाहीत, पण वर्ल्ड सीरिजच्या शेवटच्या इनिंगमध्ये?

---

गच्चीवरचा क्रिकेटर

मला तर हे वाचून एकनाथ सोलकर आठवला. फॉरवर्ड शॉर्टलेगला हेल्मेटशिवाय, बॅट्समनच्या खिशातला रुमाल काढता येईल इतक्या जवळ. २७ कसोट्यांत ५३ झेल. तेव्हाही लोक म्हणायचेच, की बेदी-चंद्रा-प्रसन्नामुळे झेल येतात. अहो, पण तिथे उभं कोण राहत होतं?

---

नवखी

एक बाळबोध प्रश्न. मॅनेजर म्हणजे कोच ना? मग तो मैदानात काय करतोय?

---

उजवा डावखुरा

@नवखी ताई, बाळबोध अजिबात नाही. संघनिवड, डावपेच, पिचर कधी बदलायचा, सगळं मॅनेजरकडे. म्हणजे आपल्या कप्तानाच्या कामावर कोचचं काम. त्या काळात खेळता खेळता मॅनेजर असणारे बरेच होते. डेट्रॉइटचा टाय कॉबसुद्धा पुढे झाला.

स्पीकर मॅनेजर कसा झाला ते ऐका. १९१५ संपताना बोस्टनच्या मालकाने, लॅनिनने, त्याचा पगार जवळजवळ निम्म्यावर आणायचं ठरवलं. कारण काय, तर तीन वर्षं सरासरी घसरतेय. घसरून किती, तर .३२२! खरं कारण वेगळंच. फेडरल लीग नावाची बंडखोर लीग बंद पडली होती, त्यामुळे खेळाडूंना आता जायला दुसरं दार नव्हतं. स्पीकर अडून बसला. एप्रिल १९१६ मध्ये दोन खेळाडू आणि पन्नास-पंचावन्न हजार डॉलरच्या बदल्यात तो क्लीव्हलंडला विकला गेला. त्याच वर्षी त्याने .३८६ मारली आणि नऊ वर्षं सलग बॅटिंगचं विजेतेपद घेणाऱ्या कॉबची मालिका तोडली. (@खडूस म्हणायच्या आत मीच सांगतो, त्या वर्षी बोस्टन त्याच्याशिवायही वर्ल्ड सीरिज जिंकलं.)

क्लीव्हलंडचा मॅनेजर ली फोल हा बिचारा सगळं स्पीकरला विचारून करायचा. मैदानातून खुणा चालायच्या. १८ जुलै १९१९ ला बोस्टनविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये क्लीव्हलंड पुढे, पण बोस्टनचे तिन्ही बेस भरलेले आणि समोर बेब रूथ. फोलने कूम्ब नावाचा डावखुरा पिचर आणला. सेंटरफिल्डमधून स्पीकर वेगळ्याच माणसासाठी खुणा करत होता, असं सांगतात. रूथने चेंडू कुंपणाबाहेर भिरकावला, चार धावा, मॅच गेली. फोलने राजीनामा दिला आणि संघ स्पीकरच्या हातात आला. उरलेल्या मोसमात ४० विजय, २१ पराभव.

---

तिसरी घंटा

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. पण चॅपमनचं सांगा ना. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

---

उजवा डावखुरा

हो. मुद्दामच मागे ठेवत होतो.

१६ ऑगस्ट १९२०, न्यूयॉर्क, पोलो ग्राउंड्स. ढगाळ दुपार. क्लीव्हलंड, न्यूयॉर्क यांकीज आणि शिकागो व्हाइट सॉक्स हे तिघं पहिल्या जागेसाठी गळ्यात गळा घालून चालले होते. पाचव्या इनिंगला चॅपमन बॅटिंगला. पिचर कार्ल मेज, हात कमरेखालून, जवळजवळ जमिनीलगत आणून फेकणारा. चेंडू आत आला, चॅपमन हललाच नाही. बहुतेक त्याला दिसलाच नसावा. आवाज इतका मोठा झाला की मेजला वाटलं बॅटवर बसला, म्हणून त्याने घरंगळत आलेला चेंडू उचलून फर्स्ट बेसला फेकलासुद्धा.

पुढचा बॅट्समन स्पीकर. तो धावत गेला. चॅपमन उठला, माणसांच्या आधाराने क्लबहाउसकडे चालू लागला आणि सेकंड बेसजवळ त्याचे गुडघे वाकले. रात्री शस्त्रक्रिया झाली. १७ तारखेच्या पहाटे तो गेला. वय २९. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, बायकोला दिवस गेले होते.

मेजवर बहिष्कार टाका म्हणून इतर संघ पेटले. स्पीकरने मात्र उघडपणे मेजला दोष दिला नाही. आणि बाबांना मी हेही सांगितलं, की दोस्ताच्या अंत्यविधीला तो गेला नाही. जाऊ शकला नाही. तो घरी कोसळला होता.

बाबा म्हणाले, "आणि मॅच?"

"कुठली?"

"त्या दिवशीची. चेंडू लागला ती."

क्लीव्हलंड ४-३ ने जिंकलं होतं.

---

गच्चीवरचा क्रिकेटर

तुमच्या बाबांच्या मनात नरी कॉन्ट्रॅक्टर असणार, पैजेवर सांगतो. मार्च १९६२, बार्बाडोस, चार्ली ग्रिफिथचा चेंडू. कवटीला फ्रॅक्चर, फ्रँक वॉरेलने रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचला पण कसोटी परत खेळला नाही. आणि २१ वर्षांच्या पतौडीच्या गळ्यात कप्तानी पडली.

---

उजवा डावखुरा

@गच्चीवरचा क्रिकेटर, पैज जिंकलात. गाडीत बसल्यावर पहिलं नाव तेच निघालं.

---

खडूस

चॅपमनच्या मृत्यूनंतर पंचांनी मळलेले चेंडू लगेच बदलायला सुरुवात केली, हे इथे लिहायला हवं. थुंकीचा चेंडू त्याच मोसमापासून बंद झाला होता, फक्त आधीपासून टाकणाऱ्या १७ पिचरांना सूट होती. त्यातला एक क्लीव्हलंडचाच, स्टॅन कोवेलेस्की. पण हेल्मेट? त्याची सक्ती यायला १९७१ उजाडलं, तीही नव्या खेळाडूंना. पन्नास वर्षं!

आणि आता माझा खरा मुद्दा. मॅनेजर म्हणून स्पीकर किती मोठा? १९१९ ते १९२६, विजेतेपद एक. तेही शिकागोचे सात खेळाडू शेवटच्या आठवड्यात ब्लॅक सॉक्स प्रकरणात (१९१९ ची वर्ल्ड सीरिज पैसे घेऊन हरल्याचं प्रकरण) निलंबित झाले तेव्हा. मिळालेलं होतं, मिळवलेलं नव्हतं.

---

उजवा डावखुरा

@खडूस, नाही हो, इथे मी भांडणार.

निलंबन झालं तेव्हा तीन-चार मॅच उरल्या होत्या आणि क्लीव्हलंड आधीच पुढे होतं. शेवटचा हिशोब: क्लीव्हलंड ९८ विजय, शिकागो ९६, न्यूयॉर्क ९५. आता हे ९८ आले कुठून ते बघा. चॅपमनच्या जागेवर आलेला लुंटे जखमी झाला. मग न्यू ऑर्लिन्सहून जो स्यूएल नावाचा २१ वर्षांचा पोरगा उचलून आणला, व्यावसायिक खेळाचं पहिलंच वर्ष, आणि भर शर्यतीत त्याला मेलेल्या माणसाच्या जागी उभा केला. तोच स्यूएल पुढे हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या सन्मानदालनात) गेला. डस्टर मेल्स नावाचा पिचर मोसमाच्या शेवटी आणला, त्याने सातपैकी सात जिंकल्या.

दुसरं म्हणजे समोर डावखुरा पिचर असला की उजवे बॅट्समन, उजवा असला की डावखुरे, असा खांदेपालट तो तीन-तीन जागांवर करायचा. राइट फिल्डला एल्मर स्मिथ किंवा जो वुड, लेफ्टला जेमिसन किंवा इव्हान्स, फर्स्ट बेसला जॉन्स्टन किंवा बर्न्स. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. आज प्रत्येक संघ हेच करतो. आणि हा जो वुड कोण? १९१२ मध्ये बोस्टनसाठी ३४ मॅच जिंकलेला पिचर. खांदा गेला, सगळ्यांनी सोडून दिला. स्पीकरचा जुना खोलीतला सोबती, तो आउटफिल्डर होऊन परत आला.

आणि स्वतः? .३८८. मॅनेजरकी करून.

---

पन्हं

वर्ल्ड सीरिज जिंकले का मग? थांबवू नका.

---

उजवा डावखुरा

जिंकले. ब्रुकलिनविरुद्ध, ५-२. नऊ मॅचची मालिका होती तेव्हा. कोवेलेस्कीने तीन मॅच जिंकल्या. पण १० ऑक्टोबरची पाचवी मॅच म्हणजे सर्कस. एल्मर स्मिथचा तिन्ही बेस भरलेले असतानाचा होम रन, वर्ल्ड सीरिजमधला पहिला. जिम बॅग्बीचा होम रन, वर्ल्ड सीरिजमध्ये पिचरने मारलेला पहिला. आणि वॉम्ब्सगॅन्स (हे नाव मला एका दमात म्हणता येत नाही) याने एकट्याने तीन गडी बाद केले: उडी मारून झेल, सेकंड बेसवर पाय, समोर धावत आलेल्या गड्याला चेंडू टेकवला. संपलं. फटका मारणारा क्लॅरेन्स मिचेल पुढच्या वेळी आला तेव्हा त्याच्या फटक्यावर दोघं बाद झाले. दोन फटके, पाच गडी! आपल्याकडे असं झालं असतं तर त्याला आयुष्यभर टोपणनाव चिकटलं असतं.

शेवटच्या मॅचचा शेवटचा गडी बाद झाल्यावर स्पीकर सेंटरफिल्डमधून थेट प्रेक्षकांत धावला, टेक्ससहून आलेल्या आईकडे.

---

शिळ्या कढीला ऊत

एवढं गोड गोड चाललंय म्हणून कडू घालतो. १९२६ चं काय? नोव्हेंबरमध्ये कॉब आणि स्पीकर, दोघांनी महिन्याभराच्या आत राजीनामे दिले. का? डच लिओनार्ड नावाच्या पिचरने सांगितलं, की सप्टेंबर १९१९ मध्ये कॉब, स्पीकर, वुड आणि तो स्वतः मैदानाच्या स्टँडखाली भेटले आणि दुसऱ्या दिवशीची मॅच डेट्रॉइटला सोडायचं ठरलं. क्लीव्हलंडची दुसरी जागा पक्की होती, डेट्रॉइटला तिसऱ्या जागेच्या बक्षिसाचे पैसे हवे होते. वर पैजा. आणि पुरावा म्हणून कॉबची व वुडची पत्रं. डेट्रॉइट ९-५ ने जिंकलं. २००० सालचं आपलं मॅच-फिक्सिंग आठवून बघा, किती सारखं आहे.

---

उजवा डावखुरा

@शिळ्या कढीला ऊत, कढी योग्य वेळी आणलीत. माझं मत सांगतो, तुम्ही वेगळं ठेवा.

वुडच्या पत्रात पैजेचा हिशोब आहे, पण स्पीकरचं नाव नाही. स्पीकरचं स्वतःचं एकही पत्र नाही. त्या मॅचमध्ये त्याने दोन ट्रिपल (तीन बेसचे फटके) मारले. मॅच सोडणारा माणूस असा खेळतो का? लिओनार्डचा दोघांवरही राग होता. डेट्रॉइटमधून कॉबने काढलं आणि स्पीकरने घेतलं नाही. कमिशनर (बेसबॉलचा सर्वोच्च अधिकारी) लँडिसने सुनावणीला बोलावलं तर लिओनार्ड शिकागोला यायलाच तयार झाला नाही. २७ जानेवारी १९२७ ला लँडिसने दोघांनाही निर्दोष सोडलं.

तरी एक गोष्ट मला खुपते. वुड त्याचा सख्ख्या भावासारखा दोस्त. पैजेचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं, हे पचवायला जड जातं.

राजीनाम्याच्या वर्षी संघ यांकीजच्या फक्त तीन मॅच मागे, दुसरा होता. पुढे १९२७ वॉशिंग्टन, १९२८ फिलाडेल्फिया (तिथे कॉबच्याच संघात!), मग नेवार्कला लहान लीगमध्ये मॅनेजर. मेजर लीगमध्ये मॅनेजर म्हणून परत कुणी बोलावलं नाही. एकूण ६१७ विजय, ५२० पराभव. फलंदाज म्हणून सरासरी .३४५, ३५१४ हिट आणि ७९२ डबल. डबलचा विक्रम आज शंभरीकडे चाललाय. पीट रोझ सगळ्यांत जवळ आला, ७४६ वर थांबला. १९३७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि त्याच वर्षी कोण निवडला गेला? साय यंग.

---

तिसरी घंटा

वाचनखूण साठवली. एक विचारू का? टेक्ससचा, त्या पिढीचा गोरा माणूस. काळ्या खेळाडूंबद्दल काय मत होतं त्याचं?

---

उजवा डावखुरा

@तिसरी घंटा, हाच प्रश्न मला पडला होता. चांगलं काही ऐकायला मिळणार नाही अशी तयारी ठेवून शोधलं. आणि खरंच एका जुन्या क्रीडापत्रकाराने लिहून ठेवलंय, की स्पीकर क्लॅनचा (कू क्लक्स क्लॅन, गोऱ्यांची वर्णद्वेषी संघटना) सदस्य होता आणि हे त्यानेच आपल्याला सांगितलं.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवतो, जुळवायची कशी ते तुम्ही बघा. जुलै १९४७ मध्ये क्लीव्हलंडने लॅरी डोबीला घेतलं. अमेरिकन लीगमधला पहिला काळा खेळाडू. डोबी मूळचा सेकंड बेसवाला. १९४८ मध्ये त्याला आउटफिल्डर करायचं ठरलं आणि शिकवायला बोलावलं स्पीकरला. वय साठ. पाऊल कसं टाकायचं, पाठ फिरवून कसं धावायचं, आवाजावरून चेंडू कसा ओळखायचा. साय यंगने ज्या तऱ्हेने त्याला घडवलं होतं त्याच तऱ्हेने. डोबी पुढे हे श्रेय मोकळेपणाने द्यायचा. त्या शरद ऋतूत क्लीव्हलंडने वर्ल्ड सीरिज जिंकली. १९२० नंतरची पहिली, आणि आजपर्यंतची शेवटची.

बाबांना हे सगळं घरी जाताना सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "पुढच्या वेळी जरा पुढची तिकिटं काढ. तो सेंटरवाला कुठे उभा राहतो ते नीट दिसलं पाहिजे."

---

खडूस

आजकालचे लांबच उभे राहतात काका, आधीच सांगून ठेवा. :)